पाटी नसलेली जागा

मोठ्या शहरात कुठे जेवावं हे ज्याला कळलं त्याला ते शहर कळलं, असं माझं मत आहे, आणि मला ते कळलेलं आहे! मी विमा कंपनीत दावे तपासतो. दुकान जळलं की जाळलं, हे मी नुसत्या उंबरठ्यावरून सांगतो. अशा माणसाला एखादं हॉटेल काय फसवणार? माझे नियम दोनच. पहिला, दारावरची पाटी जितकी मोठी तितकं आतलं जेवण बेचव. खऱ्या जागेला पाटीच नसते. दुसरा, आणि हा माझा स्वतःचा शोध आहे, की हॉटेलातला स्वयंपाकी काम संपवून जिथे जेवायला जातो, तिथे त्याच्या मागोमाग जावं. दिवसभर लोकांसाठी रांधणारा माणूस स्वतःच्या पोटाला फसवत नाही.

"हे तू कधी करून बघितलंयस?" बायकोनं विचारलं.

"करून बघायची गरज काय? तर्क आहे तो."

बायकोनं चपला घातल्या. माझ्याशी वाद घालण्यापेक्षा चालणं तिला सोपं जातं.

हा सगळा खटाटोप आत्यांसाठी होता. आत्या म्हणजे बायकोची आत्या. बायकोला त्यांनीच लहानाची मोठी केली, आणि तेही मुलींच्या वसतिगृहाची मेस चालवत. मुली जेवून उठायच्या, पातेली घासून पालथी पडायची, आणि मग आत्या ओट्यापाशी उभ्या राहून उरलंसुरलं गार खायच्या. आता मेस बंद झाली, पण सवय काही सुटली नाही. आमच्याकडे आठवडाभर राहायला आल्या आणि पहिल्याच सकाळी त्यांनी आम्हाला आमच्याच स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. "आत्या, बसा ना आमच्याबरोबर," म्हटलं की म्हणायच्या, "बसते, आधी तुमचं होऊ दे." आमचं होईपर्यंत अन्न निवलेलं असायचं.

मला हे बघवत नव्हतं. या बाईंबद्दल मला फार आदर आहे. माझी बायको हा माझ्या आयुष्यातला एकमेव दावा, जो मी न तपासता मंजूर केला, आणि तो खरा निघाला याचं श्रेय आत्यांचं आहे. त्यांनी एकदा तरी खुर्चीवर बसून, दुसऱ्यानं वाढलेलं गरम जेवण पोटभर जेवावं, एवढीच माझी इच्छा होती. आज रात्रीच्या गाडीनं त्या परत जाणार होत्या, म्हणजे काय ते आजच जमायला हवं होतं.

परवा एका बड्या हॉटेलात नेऊन झालं होतं. तिथे वेटर खुर्चीमागे हात बांधून उभा राहिला, तर आत्यांनी त्याला विचारलं, "तू जेवलास का रे?" तो नाही म्हणाला. मग यांनी अर्धं ताट त्याच्यासाठी झाकून ठेवलं आणि उरलेल्या वेळात आमची ताटं गोळा केली. वेटर रडकुंडीला आला, आणि आत्यांचं सूप तसंच राहिलं.

म्हणून आज आम्ही तिघं त्याच हॉटेलाच्या मागच्या फाटकाशी उपाशीपोटी उभे होतो. दुपारची गर्दी ओसरली आणि चौकड्यांची विजार घातलेला, बोटांवर कापल्याचे व्रण असलेला एक माणूस बाहेर आला.

"हाच," मी म्हणालो.

तो बसमध्ये चढला, आम्ही चढलो. तो उतरला, आम्ही उतरलो. कोपऱ्यावर त्यानं फुलांचा एक गुच्छ घेतला.

"बघितलंस? मालकिणीसाठी फुलं. किती जुनं गिऱ्हाईक असेल!" मी बायकोच्या कानात म्हणालो. तिनं आत्यांकडे पाहिलं. आत्या फुलांकडे बघत होत्या.

तो एका जुनाट इमारतीत शिरला आणि जिना चढून गेला. वर पोहोचलो तर उघडं दार, बाहेर चपलांचा ढीग, आतून कांदा परतल्याचा वास, आणि पाटी नाही! मला तर धन्य वाटलं. दारातल्या बाईंनी पदराला हात पुसले.

"या, या. शोधायला त्रास नाही ना झाला?"

"तसा बराच झाला," मी म्हणालो, "पण आम्ही मागावर होतो."

"तिघं आलात? फारच छान. बसा, बसा. सगळं तयारच आहे."

मी आजवर पुष्कळ जागा पाहिल्या, पण इतकी विचार करून सजवलेली पाहिली नव्हती. आजकाल हॉटेलं मुद्दाम घरासारखी ठेवतात, ते मला ठाऊक आहे. पण इथे कमाल होती. मेणकापड घातलेलं लांब टेबल, एकीसारखी दुसरी नाही अशा खुर्च्या, फ्रिजवर कुणा पोराची चित्रं. गॅलरीत चक्क बनियन वाळत घातलेले! कोपऱ्यात एक आजोबा चष्मा कपाळावर ठेवून शब्दकोडं सोडवत होते. ते पगारी असावेत असा मी अंदाज केला. आतल्या खोलीतून मधूनच तान्ह्या बाळाचं रडणं यायचं.

"आवाजसुद्धा," मी बायकोला म्हणालो, "कुठेही कसर नाही."

"अरे, मला काय वाटतं—" ती बोलायला लागली आणि एकदम गप्प झाली. आत्यांनी टेबलाखालून तिचा हात दाबला होता, हे मला नंतर कळलं.

मी मेनू मागितला. बाई हसल्या. "मेनू म्हणे! जे आहे ते वाढते."

"एकच पदार्थ करतात आणि तोच उत्तम करतात," मी समजावलं. "खऱ्या जागेची खूण."

रस्सा आला, भात आला, कडक भाजलेले बटाटे आले. आणि नेमक्या त्याच वेळी आत्या सवयीनं उठल्या आणि वाढायला मदत करायची म्हणून स्वयंपाकघराकडे निघाल्या. झालं, आजही तेच.

बाई दारात आडव्या झाल्या. हातात पळी होती.

"कुठे निघालात? माझ्या ओट्यापाशी मला कुणी लागत नाही. खाली बसा. गरम आहे तोवर खा."

असं आत्यांना आजवर कुणी बोललं नसावं. त्या शाळेतल्या मुलीसारख्या मुकाट्यानं परतल्या. रश्शाच्या वाटीवर वाकल्या तशी वाफ चष्म्यावर आली आणि त्यांना काही दिसेना. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला, आणि जेवल्या. सावकाश, मान खाली घालून, बोटं चाटून. पुन्हा भात मागितला. मला खरंच भरून आलं. आपला तर्क बरोबर ठरल्याचा आनंद त्यात होता, नाही असं नाही, पण तेवढाच नव्हता.

आमचा स्वयंपाकी आता घरातला सदरा घालून समोर येऊन बसला होता. तो पुढे झुकून म्हणाला, "तुम्ही बसमध्ये होतात ना? मला ओळखता आलं नाही, राग मानू नका हं."

"छे, छे. तुमचं काम चोख आहे," मी म्हणालो आणि बाईंकडे वळलो. "बिल घेऊन या."

"बिल कसलं? चेष्टेखोर आहात अगदी. आधी याला घ्या."

आणि त्यांनी आतून आणून एक तान्हं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.

मी बाळाकडे पाहिलं. बाळानं माझ्याकडे पाहिलं. आजोबांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं आणि आमच्या दोघांकडे निरखून पाहत म्हणाले, "नाक अगदी तुमच्या घराण्याचं."

"जावई तुम्हाला आणायला स्टेशनवर गेलेत," बाई म्हणाल्या, "तुमची चुकामूक झालेली दिसतेय. लग्नाला येता आलं नव्हतं तुम्हाला. निदान नातवाला बघायला तरी आलात, बरं वाटलं. काका म्हणून फार ऐकलंय तुमच्याबद्दल."

पगारी आजोबा, वाळत घातलेले बनियन, फुलं, रडणं, सगळं एका रांगेत माझ्या डोळ्यांपुढून गेलं. तेवढ्यात दारात एक तरुण उभा राहिला आणि त्याच्यामागे बॅगा घेतलेले, मोठ्या नाकाचे एक गृहस्थ. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, ताटांकडे पाहिलं, आणि मग माझ्या मांडीकडे.

"हे कोण?" गृहस्थांनी विचारलं.

"मी दावे तपासतो," मी म्हणालो. याहून वाईट उत्तर शोधूनही सापडलं नसतं. स्वयंपाकी पांढरा पडला.

शेवटी बायकोनंच सगळं सांगितलं. फाटक, बस, माझा तर्क, सगळं. बाळानं तेवढ्यात माझी विजार ओली केली.

"म्हणजे," स्वयंपाकी हळूच म्हणाला, "मी जिथे जेवतो ते चांगलंच असणार, म्हणून तुम्ही माझ्या मागं आलात?"

मी मान हलवली. तो त्याच्या बायकोकडे, म्हणजे पळीवाल्या बाईंकडे वळला. "ऐकलंस? हॉटेलात मी नुसता कांदा-बटाटा चिरतो, हे यांना सांगू नकोस." आणि असा हसला की बाळ दचकलं. मग सगळेच हसले. बाई पळी घेऊन आत पळाल्या, पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. खऱ्या काकांना खुर्ची कमी पडली, तशी मी माझी दिली. एवढा मान तर त्यांचा होताच.

परतताना रस्त्यात मी बायकोला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"चपलांवरून."

"आणि आत्या, तुम्हाला?"

"बसमधून उतरल्यावर," आत्या म्हणाल्या. "दमलेला माणूस फुलं घेऊन घरीच जातो, जावईबापू."

"मग बोलला का नाहीत?"

"भूक लागली होती. आणि वास चांगला येत होता." थोडं चालून त्या म्हणाल्या, "रविवारी मी त्या सगळ्यांना आपल्याकडे जेवायला बोलावलंय. काकांनासुद्धा. माझं तिकीट पुढचं काढा."

मला आनंदच झाला. "वा! म्हणजे त्या बाईंना तुमच्या हातची चव कळेल."

"माझ्या हातची?" आत्या थांबल्या. "मी स्वयंपाकघरात पाऊलही टाकणार नाही. मी त्यांच्या शेजारी खुर्चीवर बसणार आहे. तुम्ही वाढा, पण गरम हवं हं."

रविवार परवा आहे. मला अंडं उकडता येतं, पण प्रत्येक वेळी नाही. आमच्या दारावर माझ्या नावाची पितळी पाटी आहे, चांगली हातभर लांब. ती काढून ठेवू का, म्हणून मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, राहू दे, जेवण कसं असणार याचा पाहुण्यांना बाहेरूनच अंदाज येईल.