सहादेवनानांचं पथक जोमात आहे

"अर्ज ना? त्यो आपल्या डाव्या हाताचा मळ हाय," असं सहादेवनाना पारावर चारचौघांत बोलून बसले आणि तिथंच सगळं बिनसलं. नानांनी उभ्या जन्मात रेशनकार्डाचा अर्जसुद्धा स्वतः भरलेला नव्हता. पण आता त्यांच्या मोबाईलमध्ये ती एआयवाली बाई आली होती. आपण नुसतं बोलायचं, लिहायचं काम तिचं. फुशारकी मारायला माणसाला आणखी काय लागतं?

अर्ज होता लेझीम पथकासाठी. लोप पावत चाललेल्या लोककलांना अनुदान द्यायचं नगरच्या एका संस्थेनं काढलं होतं. आमच्या चिंचखिंडीचं पथक एके काळी पाथर्डीपर्यंत नावाजलेलं. नाना शिट्टीवर आणि त्यांचा अमृत पहिल्या रांगेत. आता ढोल फाटला होता, पोरं पांगली होती. अमृत चाकणला कंपनीत लागला तो सणालासुद्धा "बघू" म्हणायचा. नानांचं गणित सरळ होतं. ढोल आला की पथक उभं राहील, पथक उभं राहिलं की पोरं येतील आणि आलेल्या पोरांत अमृत असेल. अनुदान-बिनुदान सगळं निमित्त हो. त्यांना पोरगं घरी यायला हवं होतं.

ओसरीवर बसून अर्ज सुरू झाला. "पथकात किती सदस्य आहेत?" बाईनं मोबाईलमधून विचारलं.

"बजरंगाची पोरं धरा, ती ऊसतोडीला कोपरगावकडं हायेत. अजिनाथ पुण्यात रिक्षा चालवतो. आमचा अमृत चाकनला. आप्पासाहेब वारले, पन त्यांचं नाव काडू नका, बरं दिसत न्हाई."

आता यात नानांची चूक नाही. आमच्याकडं गाव सोडून गेलेला माणूस गावातून वजा करत नाहीत. तो इथलाच असतो, सध्या तिकडं असतो एवढंच. पण बाईला ही रीत कुठून ठाऊक! तिनं सगळ्यांची बेरीज करून चाळीस कलावंत मांडले आणि अर्ज वाचून दाखवला. "रोज संध्याकाळी गावच्या मैदानात ढोल घुमतो. दिवसभराच्या कामानं थकलेल्या तरुणांची पावलं आपोआप मैदानाकडं वळतात. आईवडील दारात उभे राहून कौतुकानं बघतात."

"परत वाच," नाना म्हणाले.

बाईनं परत वाचलं. नानांच्या कारभारीण राहीबाई उंबऱ्यात बसून जवारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आवं, ह्ये कुठल्या गावाचं हाय?"

"आपल्याच."

"मग चला की तितं ऱ्हायाला."

हे सगळं खोटं आहे, हे नानांना कळत होतं. पण पुसून टाक म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं. जे असावं असं इतकी वर्षं वाटत होतं, ते आज कुणीतरी इतक्या चांगल्या भाषेत म्हणून दाखवलं होतं. अर्ज तसाच गेला.

थोड्याच दिवसांत फोन आला. "मी ज्योती, संस्थेतून बोलतेय. रविवारी पथक बघायला येते. सगळे असतील ना?"

"असत्याल की," नाना म्हणाले आणि फोन ठेवल्यावर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ऐन ऊसतोडीचा हंगाम. गावात म्हातारी माणसं, कोंबड्या आणि नाना.

मग फोनाफोनी. ऊसतोडीच्या मुकादमानं पोरांना सोडायला आधी साफ नकार दिला. नानांनी बाईकडून त्याच्या नावानं विनंतीपत्र लिहून घेऊन मोबाईलवर धाडलं. "आपण कलेचे थोर आश्रयदाते" हे वाचून गडी असा फुलला, की टेम्पो तर देतोच म्हणाला, वर स्वतः पहिल्या रांगेत नाचणार म्हणाला.

अमृतचा फोन नानांनी शेवटी लावला. "सायब लोक येत्यात. तू न्हाई आलास तर माजी अब्रू जाईल."

"नाना, नुसतं घरी ये म्हणायचं ना."

"तसं म्हनल्यावर कुटं येतोस?"

 मग अमृत म्हणाला, "येतो."

रविवारी टेम्पो आला, जीप आली, मोटारसायकली आल्या. तोडीवाल्या पोरांच्या हातांवर पाचटाचे ओरखडे, चाकणवाल्यांची पोटं सुटलेली, ढोल शेजारच्या गावातून मागून आणलेला. नानांनी शिट्टी मारली. अर्धी रांग डावीकडं गेली, अर्धी उजवीकडं आणि मधल्या मध्ये मुकादम बसकण मारून मोकळा झाला. ज्योती मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. पण पुढं ढोल अंगात भिनला आणि पायांना जुनं आठवायला लागलं. अमृत वाकला, उसळला, बापाकडं बघून हसला. नानांनी शिट्टी तोंडात धरली खरी, पण ती वाजेना. त्यांना रडू फुटलं होतं.

संध्याकाळी मॅडम गेल्या. पाठोपाठ टेम्पो भरला. अमृत चहासुद्धा उभ्याउभ्या प्यायला. "सकाळची पाळी हाय, नाना," म्हणाला आणि जीपमध्ये बसला.

पुढच्या आठवड्यात निकाल आला. मोबाईलमधल्या बाईनं वाचला. "आपले पथक अत्यंत जोमात आहे. तरुणांचा सहभाग वाखाणण्याजोगा आहे. ही योजना लोप पावणाऱ्या कलांसाठी असल्याने आपला अर्ज मंजूर करता येत नाही. हार्दिक अभिनंदन."

"काय म्हन्ती?" राहीबाईंनी विचारलं.

"म्हन्ती, तुमचं गाव भरल्यालं हाय. तुमाला कशाची गरज न्हाई."

 समोर मैदानात एक कुत्रं झोपलं होतं. नाना बराच वेळ तिकडं बघत राहिले आणि मग त्यांनी अमृतला फोन लावला.

"न्हाई रं, निकाल कुटला? मॅडमचा फोन आल्ता. त्यास्नी पथक आजून एकदा बघायचंय म्हनं. सगळ्यांस्नी सांग."

आता राहीबाई तोंड सोडणार, असं नानांना वाटलं. खोटं बोललेलं त्यांना मुळीच खपत नसे. त्या उठल्या, पदराला हात पुसत जवळ आल्या आणि नानांच्या कानाला लागून हळूच म्हणाल्या,

"या बारीला मॅडम मुक्कामाला हायेत म्हनावं."