विकतचा आणि सगळ्यांचा

आमच्या मजल्यावरचे सामंत रविवारी सकाळी स्वतःच्याच दाराच्या बेलची वायर काढून ठेवतात. मग वायफाय बंद, फोन बंद, हॉलचा पंखा दोनवर. एकवर नाही, तीनवर नाही. पंखा बदलला की खोलीचं तापमान बदलतं, आणि तापमान बदललं की सामंत मोजणी धरत नाहीत.

ही मोजणी कंपायलरची. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला चालवता येईल अशा रूपात उतरवून देतो तो कंपायलर, एवढं मला सामंतांमुळे कळलं. यात एक प्रकार कंपन्या विकतात. दुसरा जगभरची माणसं मिळून लिहितात. तो आतून कोणीही वाचावा, कोणीही वापरावा. सामंत पावणे एमआयडीसीतल्या एका बॉयलरच्या कारखान्यात उष्णतेची गणितं करायचे, तिथे विकतचा होता. त्यांच्या पत्नी वसुधा वहिनी खारघरमध्ये एका कॉलेजात शिकवायच्या, तिथे दुसरा. सामंत त्याला ‘फुकटचा’ म्हणत. वहिनी लगेच दुरुस्त करत, ‘सगळ्यांचा’.

यातला जलद कोणता, यावरून दोघांचं भांडण जवळजवळ लग्नाइतकं जुनं. ते मिटवायला वहिनींनी चाचणीचा एक प्रोग्रॅम लिहिला. संगणक तोच, प्रोग्रॅम तोच. आधी एका कंपायलरमधून काढायचा, मग दुसऱ्यातून, आणि चालायला किती वेळ लागतो ते बघायचं. कुठल्याही कंपायलरची नवी आवृत्ती आली की पुन्हा चाचणी. मी कळंबोलीत लोखंडाच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो आणि दशांश चिन्हापुढचे आकडे सोडून देत नाही, म्हणून साक्षीदार मी. आमची ही म्हणायची, "निघाले पंच. तिकडे चहा तरी विचारतात का?"

विचारायचे. प्रोग्रॅम चालू असताना संगणकाला हात लावायचा नाही असा नियम होता, त्यामुळे आम्ही तिघं स्वयंपाकघरात जाऊन बसायचो. बहुतेक वेळा विकतचा थोडक्यात जिंकायचा. वहिनी कप विसळता विसळता म्हणायच्या, "पुढच्या आवृत्तीत बघा."

सामंतांना कशाचीही तुलना सांगायची सोय नव्हती. "बाकी सगळं सारखं होतं का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक रंग दुसऱ्यापेक्षा टिकाऊ आहे असं कोणी म्हणालं, तर सामंत उठले. दोन्ही रंग एकाच भिंतीवर लावले होते का? पश्चिमेची भिंत आणि पूर्वेची भिंत सारखी तापते का? आमचे सेक्रेटरी पाटील इथल्याच गावचे. ते हात जोडून म्हणाले, "सामंतसाहेब, रंग हाय तो. रॉकेट नाय सोडायचा." तरी रंगाचं काम पुढच्या मीटिंगवर गेलंच.

मग वहिनी आजारी पडल्या आणि थोड्याच महिन्यांत गेल्या. भेटायला आलेल्या एका नातेवाइकाने बोलता बोलता म्हटलं की दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं असतं तर कदाचित वाचल्या असत्या. मला वाटलं, सामंत आता आपला प्रश्न विचारणार. त्यांनी तो विचारला नाही.

"हे दोनदा करून बघता येत नाही," एवढंच म्हणाले.

चाचण्या आता थांबतील असं मला वाटलं होतं. उलट त्या दर रविवारी सुरू झाल्या, नवी आवृत्ती असो वा नसो. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तिचा कंपायलर एकदा जिंकायला हवा. पण खरा जिंकायला हवा."

गेल्या महिन्यात ‘सगळ्यांच्या’ची नवी आवृत्ती आली. आधी विकतचा चालवला, नेहमीसारखा चहा झाला. मग दुसरा. आम्ही खुर्चीतून उठलोही नव्हतो आणि काम संपलं होतं. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. सामंत स्क्रीनवर खालीवर करत राहिले, मग मागे टेकले.

वहिनींच्या प्रोग्रॅममध्ये एक लांबलचक गणित होतं. त्याचं उत्तर पुढे कुठेच वापरलेलं नव्हतं, कुठे छापलंही जात नव्हतं. नव्या कंपायलरने ते ओळखलं आणि निरुपयोगी म्हणून सगळं गाळून टाकलं.

"वहिनींच्या हातून राहून गेलं का?" मी विचारलं.

"राहून नाही. सुरुवातीला चाचणी पटकन संपायची. मी खुर्ची सोडायचोच नाही. मग तिने हे घातलं. मला म्हणाली, यंत्र एकसारखं तापायला लागतं." सामंतांनी चष्मा काढून पुसला. "मी बॉयलरचा माणूस. यंत्र तापायला काय लागतं, ते मला कळतं. पण चहा चांगला करायची."

मी हिशेबी माणूस. म्हटलं, मग हा निकाल धरता येणार नाही, दोघांनी सारखं काम केलेलंच नाही. सामंतांनी नकारार्थी मान हलवली. "ती भांडली असती. नको असलेलं काम ओळखून सोडून देणं, यातच तर कंपायलरची हुशारी." मग सावकाश म्हणाले, "जिंकली ती."

मोजायचं काही उरलं नव्हतं.

मग त्यांनी पुन्हा काहीतरी टाइप केलं. कंपायलरची हुशारी बंद करता येते, म्हणाले. मग तो लिहिलंय तसं सगळं करतो, काही गाळत नाही. प्रोग्रॅम सुरू करून ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. मी त्यांच्या मागे गेलो. त्यांनी आधण ठेवलं, आलं किसलं. बाहेर संगणक कोणालाही नको असलेलं उत्तर काढत बसला होता. आम्ही सावकाश चहा घेतला. या खेपेला वेळ कोणी मोजत नव्हतं.