असा सिनेमा पुन्हा होणे नाही

“दोनच अक्षरं आहेत, बाबा. ‘छान’. म्हणून टाकायचं आणि बाहेर पडायचं,” थिएटरच्या पायऱ्यांवर वडिलांची कॉलर नीट करत मुलगी म्हणाली.

“असला तर म्हणेन.”

“नसला तरी म्हणायचं! माझे सासरे आहेत ते.”

“तुझे सासरे, माझे व्याही. पण सिनेमा कुणाचा नातेवाईक नसतो.”

मुलीने आईकडे बघितलं. आईने आभाळाकडे बघितलं. लग्न झाल्यापासून तिला दाद लागायची ती तेवढ्या एकाच ठिकाणी.

बाबांची नोकरी वजनमापं तपासण्याची. बाजारात त्यांना काटेसाहेब म्हणत. काटा केसभर जरी झुकला तरी ते वजनावर शिक्का मारत नसत. सख्ख्या मेहुण्याची तागडी त्यांनी भर दुकानात, त्याच्याच हातचा चहा पिऊन झाल्यावर जप्त केली होती. बायकोने नवे कपडे घालून “कशी दिसते?” असं विचारलं होतं, तेही संसारात एकदाच. देव प्रत्येकाला जीभ देतो आणि सोबत थोडी मधाची बोटंही देतो. काटेसाहेबांच्या वाट्याला नुसतीच जीभ आली होती.

व्याह्यांचं फरश्यांचं मोठं दुकान होतं. माणूस लोण्याहून मऊ, सुनेला पोटच्या मुलीसारखी वागवणारा. पण उतारवयात त्याला सिनेमा काढायची हौस आली, आणि हौसेला मोल नसलं तरी माप असतं, हे सांगायला कुणी धजलं नाही. कथा त्यांची, संवाद त्यांचे, नायकही तेच. पडद्यावर ते कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्यांच्या आईचं काम करणारी बाई त्यांच्याहून बरीच लहान होती, त्यामुळे ती “बाळा” म्हणाली की प्रेक्षक मागे वळून बाळ शोधत.

पूर्वरंग लांबला तरी हरकत नसते, पुढे कथा रंगली की माणूस सारं विसरतो. इथे मध्यंतर झालं तरी नायकाचं नायिकेला नाव विचारून होईना. विचारलं तेव्हा ती आजारी पडली. मग ती मरायला लागली. मरता मरता तिने दोनदा पाणी मागितलं, एक गाणं म्हटलं, नायकाला परीक्षेला बसायची शपथ घातली, आणि आता गेली म्हणून काटेसाहेब सुटकेच्या आनंदात उठले, तर ती पुन्हा खोकली.

बाहेर येताच विहीणबाई फोन घेऊन दारात उभ्या. एकेकाचं मत विचारून टिपून घेत होत्या. कुणी “अप्रतिम” म्हणालं, कुणी “शब्द नाहीत” म्हणालं आणि शब्द नसल्याचं बराच वेळ सांगत राहिलं. काटेसाहेबांची पाळी आली. मुलीने मागून त्यांचा कोट ओढला.

“असा सिनेमा,” काटेसाहेब तोलून मापून म्हणाले, “पुन्हा होऊ नये.”

विहीणबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर बघितलं, आणि शांतपणे बोटं चालवली. “आभारी आहे, साहेब.”

“ऐकू आलं ना?”

“स्पष्ट.”

सोमवारी काटेसाहेब नेहमीप्रमाणे बाजारात तपासणीला निघाले आणि चौकात थबकले. भिंतभर जाहिरात लागली होती. वर फरशीवर रेलून बसलेले व्याही, आणि खाली हाताएवढाल्या अक्षरांत:

‘असा सिनेमा पुन्हा होणे नाही! — वजनमापे निरीक्षक.’

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. अक्षरं तीच होती.

“विहीणबाईंना कमी ऐकू येतं,” घरी फोन करून ते बायकोवर ओरडले. “‘होऊ नये’चं ‘होणे नाही’ करून टाकलं!”

“मग बरंच झालं की! दोन शब्दांत पोरीचं सासर वाचलं. आता गप्प राहायला काय घ्याल?”

काटेसाहेबांना गप्प राहणं तब्येतीला मानवत नसे. तरी मुलीकडे बघून त्यांनी दोन दिवस तेही केलं. पण बाजार गप्प बसेना.

“या साहेब!” भाजीवाली मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली. “माझा काटा चिमूटभर सरकला तर तुम्ही दंड लावता. आणि तुमच्या नावावर मी सुनेला घेऊन सिनेमाला गेले, तर तीन तास बसवून काय पदरात घातलं? नुसता खोकला!”

“मावशी, मी तसं म्हणालोच नव्हतो.”

“मग भिंतीवर तुमचं भूत बोलतंय का?”

धान्यवाल्याने तर वजनं पुढे केलीच नाहीत. “रागावू नका साहेब. पण ज्या डोळ्यांना तो सिनेमा पुरेपूर वाटला, त्या डोळ्यांचा शिक्का माझ्या वजनावर नको. गिऱ्हाईक विचारतं हो, काटा कुणी तपासला म्हणून!”

“लोकांना काय सांगू?” धान्यवाल्याच्या मागे उभा असलेला एकजण म्हणाला. “साहेबांच्या व्याह्याला वेगळं माप, आम्हाला वेगळं?”

हे मात्र काळजात घुसलं. आयुष्यभर कुणाचा एक रुपया नाही, पारड्याला कधी बोट लावलं नाही, आणि त्या शिक्क्याची आता ही किंमत! काटेसाहेब तडक ऑफिसात गेले. नापास तागडीवर फुली मारायचा लाल रंग आणि ब्रश घेऊन चौकात आले.

“मावशी, शिडी.”

“कशाला?”

“माल तपासायचाय.”

मावशीने शिडी दिली. धान्यवाल्याने ती धरली. काटेसाहेब वर चढले, ‘होणे नाही’वर ठसठशीत फुली मारली आणि बाजूला लिहायला घेतलं: ‘होऊ...’

तेवढ्यात गाडी थांबली. कुणीतरी चुगली केलीच होती. व्याही उतरले, मागून विहीणबाई आणि मुलगी.

“बाबा! खाली उतरा!” मुलगी रडकुंडीला आली. “मला त्या घरात राहायचंय!”

“राहा ना. मी काय घरावर फुली मारतोय?”

“साहेब,” व्याही फुलीकडे बोट दाखवत म्हणाले, “कौतुक केलंत, आणि आता फिरलात?”

“मी नाही फिरलो. शब्द फिरले.” त्यांनी उरलेलं ‘नये’ पुरं केलं, शेवटी टिंबही दिलं. “मी हेच म्हणालो होतो. तुमच्या तोंडावर म्हणेन, हवं तर रोज म्हणेन. विहीणबाईंची ऐकण्यात चूक झाली.”

“माझे कान ठणठणीत आहेत,” विहीणबाई म्हणाल्या. “बदललं मीच.”

धान्यवाल्याच्या हातून शिडी हलली.

“हे दुसरा भाग काढणार होते,” विहीणबाईंनी नवऱ्याकडे बोट केलं. “त्यात हे शाळेत जाणार होते! अर्धी चड्डी शिवायला टाकलीय. मी समजावलं, मुलाने समजावलं, ऐकतील तर शपथ. ‘होऊ नये’ म्हटलं असतं, तर इरेला पेटून एकाचे दोन काढले असते. म्हणून ‘होणे नाही’ केलं. यांनीच हौसेने भिंतीभिंतीवर लावलं. आता स्वतःच्या हाताने लावलेला शब्द खोटा कसा पाडतील?”

व्याही भिंतीकडे बघत राहिले. ओठ हलवत त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी शब्दशः. मग शिडीच्या खालच्या पायरीवर मटकन बसले.

“म्हणजे तुलाही...?”

“तुमच्यावर जीव आहे म्हणून झोपले नाही. एवढंच.”

“साहेब,” व्याही वर बघून हळूच म्हणाले, “एकही गोष्ट बरी नव्हती?”

मुलीने डोळे मिटले. काटेसाहेबांनी मात्र खरोखरच विचार केला.

“फरश्या,” ते म्हणाले. “ती मरते त्या खोलीतल्या. एक सांधा वाकडा नव्हता. मी तिच्याकडे बघतच नव्हतो, फरश्याच बघत होतो.”

“त्या मी स्वतः बसवल्या!” व्याह्यांचा चेहरा उजळला. “रात्रंदिवस गुडघ्यांवर बसून!”

“दिसतं ते. तिथे शिक्का मारला असता.”

व्याह्यांनी डोळे पुसले, उठले आणि काटेसाहेबांना हात देऊन खाली उतरवलं. मावशीने नाक ओढलं. मुलीने इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

“दिला शब्द,” व्याही चौकाला ऐकू जाईल असं म्हणाले. “असा सिनेमा पुन्हा होणे नाही. साहेबांसारखा खरं बोलणारा माणूस लाभला, हे माझं भाग्य! डोळे उघडले माझे. अहो, माझ्या कथेला तीन तास पुरतीलच कसे? तिला ऐसपैस जागा हवी. आता मालिका काढतो. रोज एक भाग! कसं वाटतं?”

विहीणबाईंनी पुढे होऊन शिडी पुन्हा भिंतीला लावली आणि घट्ट धरली. मुलीने ब्रश लाल रंगात चांगला बुडवला आणि वडिलांच्या हातात दिला.

“लिहा, बाबा,” ती म्हणाली. “मोठ्या अक्षरांत.”