जाळरेषेत रोवलेला काटा

एका जंगलात, बाळांनो, म्हणजे अगदी वरच्या जंगलात, जिथे देवदार संपतात आणि बर्फाचा डोंगर सुरू होतो, तिथे भिवबा नावाचा साळिंदर राहत होता. बिळात त्याची बायको सगुणा होती आणि पंधरा दिवसांची तीन पिल्लं होती. पिल्लांचे काटे अजून मऊ होते. म्हणजे बघा, किती लहान!

तिथल्या प्राण्यांना एक नाद होता. हिवाळ्यात पायांना फळ्या बांधायच्या आणि बर्फाच्या उतारावरून सुसाट खाली यायचं. माणसं दोन फळ्या बांधतात. हे चार बांधत. त्यामुळे दोघं एकमेकांवर आदळले, की कुठला पाय कुणाचा हे ठरवण्यात दुपार जायची.

पूर्वी हे सगळं फुकट होतं. मग एके वर्षी कोल्ह्याने उताराच्या पायथ्याशी एक दोरी बांधली. दोरीच्या अलीकडे जंगल, पलीकडे ‘हिमविहार’. पलीकडे जायचं तर हंगामी पास हवा. दोरी कुणालाही बांधता येते हो. ती बांधून शेजारी खुर्ची टाकून बसायला मात्र निबरपणा लागतो, आणि तो कोल्ह्याकडे भरपूर होता.

हिवाळ्याचा पास तो भर उन्हाळ्यात विकायचा. जीभ बाहेर आलेल्या प्राण्याला बर्फाचं चित्र दाखवलं, की तो कशालाही मान डोलावतो. अस्वल तर दरवर्षी पास घ्यायचं. अस्वल हिवाळाभर झोपतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. अस्वलालाही ठाऊक होतं. “असू द्यावा जवळ,” असं ते म्हणायचं.

आता उन्हाळ्यातली दुसरी गोष्ट ऐका. देवदाराखाली वाळका पाला साचतो. तो असा पेट घेतो, की वाऱ्यालाही धाप लागावी. म्हणून त्या जंगलात एक जुना रिवाज होता. वैशाख तापायच्या आत सगळ्यांनी मिळून जाळरेषा काढायची. जाळरेषा म्हणजे पाला, गवत, काटक्या खरवडून मोकळी केलेली मातीची रुंद पट्टी. आग तिथवर येते, तिला खायला काही मिळत नाही, ती तिथेच बसते. प्रत्येक घराच्या वाट्याला चाळीस पावलं जाळरेषा होती. भिवबाची चाळीस पावलं त्याच्या बिळासमोरच होती.

त्या वर्षी झालं असं, की जाळरेषेचा दिवस आणि पासावरच्या सवलतीचा शेवटचा दिवस एकच आला.

पहाटेपासून दोरीशी ही रांग! रांगेतही एक रिवाज होता. कुणाला पाणी प्यायला जायचं असेल, तर त्याने आपल्या जागी खूण ठेवायची. मोराने पीस ठेवावं, मेंढ्याने लोकर ठेवावी. दुसऱ्याच्या खुणेला कुणी हात लावत नसे. त्या जंगलात एवढा एकच व्यवहार चोख होता.

अस्वलाने रांगेत केसांचा पुंजका ठेवला आणि ते जाळरेषेकडे निघालं. वाटेत त्याला सुचलं. आपल्या वतीने पुंजका रांगेत उभा राहतो, तर जाळरेषेवर का नाही राहणार? त्याने आपल्या चाळीस पावलांत दुसरा पुंजका ठेवला, त्यावर एक दगड ठेवला आणि ते परत आलं.

“झालं काम?” सगळ्यांनी विचारलं.

“नंबर लावून आलोय,” अस्वल म्हणालं.

ही युक्ती सगळ्यांना फार आवडली. दुपारपर्यंत जाळरेषाभर पिसं, शिंगांचे तुकडे, लोकर आणि शेपटीचे केस अशी रांगच्या रांग लागली. पाला मात्र होता तिथेच होता.

भिवबानेही आपल्या चाळीस पावलांच्या मधोमध एक काटा रोवला. बिळाच्या तोंडाशी सगुणा उभी होती.

“अहो, पाला कोण काढणार?”

“काटा रोवलाय ना! लगेच येतो.”

“काट्याला हात आहेत का?”

“तुला व्यवहारातलं कळत नाही, सगुणा,” असं म्हणून भिवबा पळाला. त्याला घाई होती. येत्या हिवाळ्यात पिल्लं मोठी होणार, पायांना इवल्या इवल्या फळ्या बांधणार आणि उतारावरून बाबा, बाबा करत येणार, एवढंच त्याच्या डोळ्यांसमोर होतं. त्याचा जीव होता पिल्लांवर. त्यात खोट नव्हती.

पण पास घ्यायचा कुठला? रांगेत त्याने डोकं शिणवलं. सोनेरी पासात तिन्ही उतार, पण सणासुदीला बंद. रुपेरी पासात सणासुदीलाही चालू, पण उतार एकच, तोही चढाचा. कुटुंब पासात दोन पिल्लं.

“मला तीन आहेत,” भिवबा रांगेतूनच ओरडला.

“तिसऱ्याला पाहुणा म्हणून आणा,” कोल्हा म्हणाला.

“आणि बर्फच पडला नाही तर?”

“बर्फ निसर्गाच्या हातात आहे, भिवबा. माझ्या हातात फक्त पास आहे.”

भिवबाच्या पुढे दोघंच उरले होते, तेव्हा खालून धूर दिसला.

“धुकं आहे,” कोल्हा म्हणाला. “घसरायला धुकं चांगलं.”

“वास कसला येतोय?” भिवबाने विचारलं.

“धुक्याचा.”

रांगेने मान डोलावली. मग देवदाराच्या शेंड्यावर लाल जीभ दिसली. ते त्याच्या बिळाकडचं रान होतं. पिल्लांना अजून धड चालताही येत नव्हतं. तो रांग सोडून धावत सुटला. सांगायला लाज वाटते, पण चार पावलांवरून तो परत आला, रांगेत एक काटा ठेवला आणि मग धावला.

आग जाळरेषेवर आली. तिने मोराचं पीस पाहिलं, मेंढ्याची लोकर पाहिली, अस्वलाचा पुंजका पाहिला. ती कुणाच्या नंबराला थांबली नाही. सगळं रान चरचरत गेलं.

भिवबा पोचला तेव्हा जमीन काळी होती आणि तळव्यांना चटके बसत होते. “सगुणा! सगुणा!” त्याला दुसरा शब्दच सुचेना. धूर जरा सरला आणि समोर त्याला हिरवा तुकडा दिसला. चाळीस पावलं स्वच्छ खरवडलेली होती. हात लागलाच आहे म्हणून पुढे बिळाभोवतीही गोल कडं काढलेलं होतं. बिळाच्या तोंडाशी सगुणा बसली होती. तिची नखं तुटली होती आणि पंजे सोलवटले होते. तिन्ही पिल्लं तिच्या कुशीत शिंकत होती.

भिवबा मटकन खाली बसला आणि रडला. अगदी हुंदके देऊन रडला.

“मी काटा रोवला होता गं,” तो म्हणाला.

“बघितला. पाल्याबरोबर बाजूला टाकला.”

जीवितहानी कुणाचीच झाली नाही, कारण सगळे रांगेत होते. त्याचं श्रेय कोल्ह्याने घेतलं. घरं मात्र सगळ्यांची गेली. एक सोडून.

आठ दिवसांनी हिमबिबट्या राजाने सभा भरवली. आग का लागली, का पसरली, हे कुणी विचारलंच नाही. अस्वल उठलं आणि म्हणालं, “महाराज, सगळ्यांची घरं जळतात आणि याचंच वाचतं. याला आधीच ठाऊक होतं!”

“भिवबा,” राजा म्हणाला, “काय केलंस तू?”

“काहीच नाही, महाराज. शपथेवर सांगतो.”

“आम्हीही काहीच केलं नाही,” सगळे ओरडले. “मग आमची का जळली?”

सगुणा बोलायला उठली, पण तिचा नंबर लागलेला नव्हता. राजाने निकाल दिला, की साळिंदराचं घर संशयास्पद रीतीने वाचलं आहे, सबब त्याच्याशी कुणी बोलू नये.

आणि कुणी बोललं नाही. ओढ्यावर सगुणा गेली की भांड्यांचे आवाज थांबायचे. पिल्लं चालायला लागली, पण त्यांच्याशी खेळायला कुणी येईना. धाकटं पिल्लू दारात बसून रडायचं. भिवबाला ते पाहवेना.

एके सकाळी त्याने शेजारच्या जळक्या रानातून ओंजळभर राख आणली. बिळाच्या दाराला फासली, उंबऱ्यावर पसरली, थोडी आपल्या पाठीवर टाकली. दोन हिरवी झुडपंही काळी केली. सगुणा बघत राहिली. मग तीही पुढे झाली आणि त्याचा हात पोचत नव्हता तिथे तिने राख लावली.

दुपारी अस्वल आलं. त्याने दार पाहिलं, हुंगलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अरेरे, भिवबा! तुझंही गेलं का? आधी बोलायचंस ना!”

संध्याकाळपर्यंत सगळं जंगल भेटून गेलं. कुणी कंदमुळं आणली, कुणी मध आणला. धाकटं पिल्लू मेंढ्याच्या पोरांबरोबर खेळून खेळून दमलं आणि तिथेच झोपलं.

तात्पर्य : बाळांनो, आपल्या वाट्याचं काम वेळेवर करावं. मात्र ते केल्याचं शेजाऱ्यांना कळू देऊ नये. त्यासाठी घरात नेहमी ओंजळभर राख असावी.