तिसऱ्यांदा विचारणारा कॉम्प्युटर

"हाजी आका, अगदी खरं सांगा हं. आवडला का कोर्स?" गुलनारनं फोनवर विचारलं.

"आवडला? अगं, हात न दुखोत तुझे! असा कोर्स इस्फहानात झाला नाही, व्हायचा नाही. माझा जीव ओवाळून टाकावा तुझ्यावरून!"

गुलनारनं फोन ठेवला आणि खोलीत अशी गिरकी घेतली की खाली तिच्या आईच्या डोक्यावर चुना पडला. "पास झाला, कामयार! काम संपलं!"

कामयार म्हणजे तिच्या कंपनीतला एकमेव नोकर. कॉम्प्युटरचं सगळं तोच बघायचा. दातांत खडीसाखर धरून तो चहा पीत होता. "खानूम, ते 'हो' म्हणाले का?"

"एवढं बोलले, त्यात 'हो' आलंच की."

"आलं नाही," कामयार म्हणाला, आणि त्यानं कप पुन्हा भरून घेतला.

या हाजी आकांची पिस्ते घातलेल्या गझ मिठाईची तीन दुकानं. आता इस्फहानची रीत अशी, की गिऱ्हाइकानं भाव विचारला तर दुकानदारानं आधी म्हणायचं, "राहू द्या हो, तुमच्यापुढे या वस्तूची काय किंमत!" मग गिऱ्हाइकानं म्हणायचं, "छे छे, सांगा." असं दोन-तीनदा झालं की व्यवहार. तिथं पहिला नकार हा नकार नसतोच, तो नमस्कार असतो. नदीला पाणी असो नसो, जिभेचा ओलावा आटत नाही. पण मागच्या शरदात एक परदेशी पाहुणा आला. त्यानं सहा डबे उचलले आणि बहादुर नावाच्या विक्रेत्याला भाव विचारला. बहादुर म्हणाला, "राहू द्या हो." पाहुण्याचे डोळे पाणावले. छातीवर हात ठेवून तो "धन्यवाद" म्हणाला आणि डबे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी अख्खी बस घेऊन आला.

खोटं वाटेल, पण संध्याकाळपर्यंत दुकानात गझ सोडाच, गझचा वाससुद्धा उरला नव्हता.

म्हणून हाजी आकांना हवा होता ऑनलाइन कोर्स: परदेशी माणसाशी सरळ बोलावं कसं. आणि गुलनारला हवं होतं हे काम, कारण तिची कंपनी होती आईच्या माडीवरच्या खोलीत. आईनं, मुलूक खानूमनं, बजावलं होतं, "नवरोजपर्यंत हे धड झालं आणि पुढचं काम हातात आलं, तर खोली तुझी. नाही तर मावशीच्या दातांच्या दवाखान्यात बस नंबर पुकारत. बँकेतली नोकरी सोडताना मला विचारलं होतंस का?"

तर कोर्स 'पास' झाला, आणि दुसऱ्याच दिवशी हाजी आकांचा फोन. "गुलनार जान, बारीकसं एकच सांगायचं होतं. आमच्या वडिलांचा फोटो नाही त्यात."

घातला फोटो. मग धाकट्या भावाला गझचा इतिहास हवा होता. तोही घातला. मशहदच्या मेव्हण्याला पिस्त्यांवर धडा हवा, तर हाजींच्या बायकोला कविता. मोठ्या माणसांना नाही कसं म्हणायचं? गुलनार प्रत्येकाला "हुकूम डोळ्यांवर!" म्हणत गेली. अर्ध्या तासाचा कोर्स फुगून लग्नाएवढा झाला, फक्त नवरी कुठं दिसेना. परदेशी गिऱ्हाइकाचा धडा आता विसाव्या नंबरावर होता.

शेवटी हाजी आका म्हणाले, "एक राहिलंच बघ. हा कॉम्प्युटर फार उर्मट बोलतो. 'पुढे जा' काय? माझी माणसं काय मेंढरं आहेत? नीट आदरानं विचार. आणि आवाज माझा घे."

कामयारनं हाजींचा आवाज भरला. "आदरणीय मित्रा, पुढच्या धड्याला यायची कृपा करशील का?" खाली दोन बटणं: 'हो' आणि 'नको, आपल्याला त्रास'.

"खानूम," कामयार म्हणाला, "एकदा दुकानातल्या मंडळींना दाखवायचं का? कोर्स त्यांच्यासाठीच आहे ना?"

"वेळ कुठंय! आणि सगळं घर बघून झालंय हाजींचं. आता कोण उरलंय?"

"शिकणारे," कामयार म्हणाला. पण ते तिनं ऐकलं नाही.

नवरोजला आठवडा राहिला असताना दुकानाच्या मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर मांडले. आठ विक्रेते हात बांधून उभे राहिले. हाजी आका खुर्चीत, गुलनार दाराशी.

"बसा," हाजी म्हणाले.

"आधी तुम्ही," बहादुर शेजारच्याला म्हणाला.

"माझी काय बिशाद! आधी तुम्ही."

"तुमच्या दाढीचा मान आहे."

"तुमच्या टकलाचा मोठा आहे."

दोघांमध्ये एक खुर्ची अशी फिरली की तिचा एक पाय निखळला. शेवटी हाजींनी दोघांना खांद्याला धरून बसवलं. पहिला धडा झाला. हाजींचा आवाज घुमला, "आदरणीय मित्रा, पुढच्या धड्याला यायची कृपा करशील का?"

बहादुरनं अदबीनं 'नको, आपल्याला त्रास' दाबलं आणि दुसऱ्या विचारण्याची वाट बघत हात गुडघ्यांवर ठेवले.

कॉम्प्युटर म्हणाला, "ठीक. खुदा हाफिज." आणि काळा पडला.

बहादुरचा चेहरा बघवेना. दुसऱ्यानं दाबलं, तिसऱ्यानं दाबलं. आठही जण खुदा हाफिज.

"हाजी आका," बहादुर म्हणाला, "तेवीस वर्षं तुमची चाकरी केली. एकदाच नको म्हटलं, तर दार लावलंत? तेही तुमच्या तोंडानं?"

"मी नाही रे! या यंत्रानं!" हाजी गुलनारकडे वळले. "मुली, तुझ्या यंत्राला आईबाप आहेत की नाही? एकदा विचारून कोण थांबतं?"

गुलनार घामाघूम होऊन घरी आली. कामयारनं रात्रीत बदल केला. आता कॉम्प्युटर तीनदा विचारायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ जण, पुन्हा खुर्चीची मारामारी. पहिल्यांदा विचारलं: नको. दुसऱ्यांदा: नको. तिसऱ्यांदा: नको. खुदा हाफिज.

"अहो, तिसऱ्यांदा तरी हो म्हणायचं!" गुलनार रडकुंडीला आली.

बहादुर दुखावला. "खानूम, शेजाऱ्याला तिसऱ्यांदा हो म्हणतात. हा मालकाचा आवाज आहे! मालकाला तिसऱ्यांदा हो म्हणणारा माणूस मी नाही."

"मग कितव्यांदा म्हणाल?"

बहादुरनं मान खाली घातली. "ते मालक किती मनापासून विचारतात त्यावर आहे."

हाजी आकांना ते पटलं. "बरोबर बोलतोय तो. मुली, यंत्राला जरा मनापासून विचारायला शिकव."

त्या संध्याकाळी गुलनार माडीवर बोचकं होऊन बसली होती. डोळ्यांपुढे दातांचा दवाखाना दिसत होता, आणि मावशीचा आवाज, "पुढचा नंबर!" तेवढ्यात मुलूक खानूम भाजीचा पुलाव घेऊन वर आली. ताट कामयारपुढे आपटलं.

"नको मुलूक खानूम, भूक नाही," कामयार रीतीप्रमाणे म्हणाला.

"कसलं नको? ताट समोर आलंय, तोंड उघड!"

कामयारनं तोंड उघडलं. दुसऱ्यांदा नको नाही, तिसऱ्यांदा नाही, सरळ घास. गुलनार त्या चमच्याकडे बघत राहिली.

"मामान," ती हळूच म्हणाली, "तू आणखी कुणाकुणावर ओरडू शकतेस?"

"कुणावरही. कोण आहे?"

दुसऱ्या दिवशी पिस्ते गेले, इतिहास गेला, कविता गेली. फोटो तेवढा राहिला, कारण तो बोलत नव्हता. बाकी ठेवला नुसता परदेशी गिऱ्हाइकाचा धडा. "हे सगळं काढायला हवं, हाजी आका," असं गुलनार आयुष्यात पहिल्यांदा सरळ म्हणाली. हाजी इतके चकित झाले की "बरं" म्हणाले. या वेळी तिनं ते नीट ऐकून घेतलं. "म्हणजे हो ना? मला 'हो' हवंय."

"हो गं बाई, हो!"

मग विक्रेते बसले. पहिला धडा संपला आणि कॉम्प्युटर मुलूक खानूमच्या आवाजात गरजला, "काय बघतोस? पुढचा धडा घे! मान वर कर! बाहीनं नाक पुसू नकोस!"

बहादुरनं दचकून बाही खाली घेतली आणि 'हो' दाबलं. परीक्षेत प्रश्न आला: परदेशी पाहुणा भाव विचारतोय, काय म्हणाल? त्याचं बोट 'राहू द्या हो' कडे सरकलं. "खबरदार!" मुलूक खानूम आतून ओरडली. "भाव सांग! लाज कसली? चोरी केलीयस का?" बोट परतलं. दुपारच्या नमाजाच्या आत आठही जण पास. एकजण म्हणे रडला, आईला फोन केला. आणि खुद्द हाजी आकांनी गुपचूप परीक्षा दिली, कारण तो आवाज त्यांनाही "तूही बस!" म्हणाला होता.

नवरोजच्या आदल्या दिवशी हाजी आका गुलनारच्या घरी आले. जिन्याखाली बूट काढले, कारण मुलूक खानूमच्या घरात बूट घालून देवदूतालाही प्रवेश नाही. वर येऊन बसले.

"काल परदेशी पाहुण्यांची बस आली," ते म्हणाले. "बहादुरनं भाव सांगितला. सरळ! पाहुण्यांनी दिला. सरळ! मी तर बाजूला जाऊन खांब धरला. तर आता, गुलनार जान, बाजारातल्या आमच्या सगळ्या दुकानदारांसाठी असाच कोर्स करायचाय. वर्षभराचं काम. घेशील?"

गुलनारचं काळीज नगाऱ्यासारखं वाजलं. आणि तोंड? तोंड इस्फहानचं. "छे हो हाजी आका, एवढ्या मोठ्या कामाला मी कुठली! माझ्यापेक्षा चांगले कितीतरी आहेत."

हाजी आका उठले. "ठीक आहे," ते म्हणाले. "खुदा हाफिज." आणि जिना उतरले.

गुलनार पुतळ्यासारखी उभी. जिन्यावर एक पायरी वाजली, दुसरी वाजली. आता दुसऱ्यांदा विचारतील, असं तिच्या हाडाला अजून वाटत होतं. कामयारनं कॉम्प्युटरचं एक बटण दाबलं.

"कसलं नको? ताट समोर आलंय, तोंड उघड!"

गुलनार अनवाणी धावत सुटली. "हो! हाजी आका, हो! घेते! आत्ता घेते! हो!"

हाजी आका जिन्याखालीच बसले होते. एका पायात बूट होता, दुसरा हातात. "केव्हाची ही एकच नाडी बांधतोय, मुली. माणसानं किती बांधावी?"

"पण तुम्ही तर ठीक म्हणालात!"

"तुझ्या कोर्सानं शिकवलं, नको म्हणजे नको. डोक्यानं शिकलो, म्हणून उठलो. पण या पायांनी कुठं परीक्षा दिलीय? ते तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय घर सोडत नाहीत."

दोघं हसत सुटली. आवाज ऐकून मुलूक खानूम स्वयंपाकघरातून चहाचं तबक घेऊन आली. वाफाळता चहा, वेलदोड्याचा वास, बशीत ताजी गझ.

"हाजी आका, चहा?"

"नको नको, कशाला त्रास!"

"ठीक," मुलूक खानूम म्हणाली आणि तबक घेऊन आत गेली.

हाजी आका बघत राहिले. मग त्यांनी हातातला बूट खाली ठेवला, आणि पायातल्या बुटाची बांधलेली नाडी मुकाट्यानं सोडायला घेतली.