सरळ केलेली ओळ

कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवण्यात ताईंची निम्मी हयात गेली होती, पण प्रेसमध्ये नवरदेव किंचाळलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"अहो, हे काय झालं? सगळं उलटं आलंय!"

मुलगा नोकरीसाठी एकटाच इथे आलेला. त्याचं सगळं गणगोत परदेशात, आणि त्यांना वाचता येत होती फक्त हिब्रू. म्हणून पत्रिकेची एक बाजू मुलीकडच्यांसाठी मराठीत, दुसरी हिब्रूत. मजकूर त्यानेच टाइप करून आणला होता आणि त्याच्या फाइलमध्ये तो उजवीकडून डावीकडे झकास दिसत होता. ताईंनी तो उचलून पत्रिकेच्या प्रोग्रॅममध्ये टाकला मात्र, त्या जुनाट प्रोग्रॅमने प्रत्येक ओळ डावीकडून मांडली. पहिलं अक्षर शेवटी, शेवटचं पहिलं.

"आजीचं नाव तर माझं मलाच वाचता येईना!"

"घाबरू नका हो. ओळच्या ओळ फिरवून देते," ताई म्हणाल्या आणि मान मोडेपर्यंत एकेक अक्षर या टोकाचं त्या टोकाला नेत बसल्या. मुलाने पडद्यावर बोट ठेवून अक्षर न् अक्षर तपासलं, हुश्श केलं. पत्रिका छापल्या आणि पोस्टात पडल्या.

बारा तारखेला सकाळीच ताईंचा फोन वाजला. मुलीची आई होती.

"ताई, माझ्या दारात पंधरा माणसं उभी आहेत! बॅगा घेऊन!"

"कोण माणसं?"

"जावयाची आजी, तीन माम्या, बाकीचे कोण ते त्यांनाच ठाऊक! जावयालाही न कळवता सगळे नटूनथटून आलेत, आणि मी डोक्याला कलप फासून बसलेय!"

"पण लग्न तर एकवीसला ना?"

"मग मी काय म्हणतेय? आजी पत्रिका नाचवतायत माझ्या नाकासमोर!"

ताईंनी उरलेली पत्रिका काढली आणि कपाळावर हात मारून घेतला. हिब्रू अक्षरं उजवीकडून वाचायची, पण आकडे त्या भाषेतही डावीकडूनच. म्हणजे त्या खुळ्या प्रोग्रॅमने आकडे तेवढे बरोबर ठेवले होते, आणि ताईंनी ओळीबरोबर तेही फिरवले होते. एकवीसचे बारा!

धापा टाकत त्या मुलीच्या घरी पोचल्या. दारात नवरदेव पांढराफटक पडून उभा.

"मी नुसती अक्षरंच बघितली हो, ताई!"

आतून आजी काहीतरी कडाडल्या. ताईंनी हळूच विचारलं, "शिव्या देतायत का?"

"नाही. झोपायचं कुठे, विचारतायत."

दोन खोल्यांच्या घरात पंधरा माणसं कुठून मावणार? तिन्ही माम्यांना ताईंनी आपल्या घरी नेलं, पुरुष शेजाऱ्यांकडे गेले. आजी मात्र हलेनात. पदर खोचावा तशा बाह्या सरसावून त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या. एकीचं बोलणं दुसरीला कळेना, तरी आजी आणि मुलीची आई दिवसभर खिदळत भांडी आपटत राहिल्या.

लग्नाच्या दिवशी ताई तोंड लपवत मागच्या रांगेत बसल्या होत्या. मुलीच्या आईने त्यांना नेमकं हेरलं आणि हाताला धरून कोपऱ्यात ओढलं. आता काही खरं नाही, ताईंना वाटलं.

"ताई, धाकटीचंही ठरलं. पुढच्या महिन्यात, तेरा तारखेला."

"अगंबाई! या वेळी एकेक आकडा डोळ्यांत तेल घालून बघेन मी."

"बघा, बघा. फक्त एक पत्रिका वेगळी काढा." आईने समोरच्या रांगेतल्या खुर्च्यांना नावं ठेवणाऱ्या बाईंकडे डोळ्यांनीच खूण केली आणि आवाज खाली आणला. "माझ्या नणंदेची. तिच्यात एकतीस घाला."