गंगाधररावांचा नकाशा

सुरुवात माझ्यापासूनच झाली. गंगाधररावांचं पोट फुगायला लागलं, डोळे पिवळे दिसायला लागले, तेव्हा आमच्या पाटबंधारे ऑफिसात चहा पिताना मी सहज म्हणालो, "घेत असतील गुपचूप." आठ दिवसांत ते पिंगळी गावापर्यंत पोचलं. शेतकरी म्हणू लागले, "चौकीदार पिऊन पाण्याच्या पाळ्या चुकवायलाय."

आणि हा माणूस सोडासुद्धा प्यायचा नाही. का, तर तो बाटलीत मिळतो!

गंगाधरराव आमच्या कालव्यावर चौकीदार. लग्नाच्या पंगतीतही कालव्याचाच नियम लावून वाढप्याला दटावायचे, "शेवटून सुरू कर बाबा. तोंडाकडचे आपोआप भिजतेत." गेटची चावी कायम करदोड्याला.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षी त्यांना हैदराबादला एमआरआयला नेलं. मशीनजवळ लोखंड चालत नाही, चावी काढा, असं नर्स म्हणाली. सोबत गेलेल्या त्यांच्या बायको, म्हणजे काकू, सांगतात, "हे म्हणले, चार्ज कोणाला देऊ? सही लागंल. त्या बाईनं सही केली, मंग आत गेले."

यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिराच बुजल्या होत्या. डॉक्टरांनी फिल्म दाखवली, तर हे म्हणाले, "म्हंजी येणं चालू, जाणं बंद. मंग फुगवटा येणारच की!"

औषधं सुरू झाली. गंगाधरराव परतले ते फिल्म काखेत घेऊनच. चहाच्या हॉटेलात, स्टँडवर, कुणीही भेटो, ती उन्हाला धरायची. "ह्यो मेन कॅनॉल. ह्या तीन चाऱ्या बुजल्यात. दारूचा काई संबंध न्हाई." लोक हसायचे, "आण्णा, नकाशा आणला का?" ऑफिसच्या शिपायाने तो तीनदा पाहिला.

मला मात्र एकदाही दाखवला नाही. मी दिसलो की फिल्म पिशवीत जायची. रागावले असतील, असं मी धरून चाललो.

एकदा काकूंनीच सांगितलं, "कोण बोललं ते त्याहिला ठावं हाय. मी म्हणलं, त्यालाच आधी दाखवा. तर म्हणले, त्याची मान खाली जाईल. राहू दे."

दुसऱ्या दिवशी मी भर गर्दीत हॉटेलात गेलो. ते फिल्म पिशवीत घालायला लागले.

"आण्णा, मलाही दाखवा."

त्यांनी फिल्म माझ्यापुढे केली. मग म्हणाले, "तुमीच धरा."

मी फिल्म उन्हाला धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हा मेन कॅनॉल. ह्या तीन चाऱ्या बुजल्यात. दारूचा काही संबंध नाही. ते खोटं मीच बोललो होतो. आण्णा, माफ करा मला."